स्क्रमच्या पोटातला माणूस

बाबा, तुम्हाला आणि स्क्रमच्या, म्हणजे दोन संघांच्या एकमेकांना भिडलेल्या घोळक्याच्या, पोटात मान घालून दुसऱ्यांसाठी बॉल काढून देणाऱ्या तुमच्यासारख्या सगळ्यांनाच हे सांगायचंय, कारण तक्रार आपली सगळ्यांची एकच आहे: बॉल निघाला की टाळ्या पळणाऱ्याला, आणि चूक झाली की शिट्टी तुमच्या नावाची. सभांमधून मी गिरणीतल्या बायकांसाठी घसा फोडला, बसच्या कंडक्टरांसाठी फोडला. आज तुमच्यासाठी फोडते.

आठवडाभर तुम्ही मँचेस्टरजवळच्या कारखान्यात लेथवर, आणि शनिवारी रग्बीच्या व्यावसायिक क्लबात हूकर. आई चिडायची. "अहो, आपले ज्यू पूर्वज कोकणात शनिवारी शब्बाथ पाळून तेलाचा घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक आपल्याला शनवार तेली म्हणतात. आणि तुम्ही शनिवारीच चिखलात लोळता!" तुम्ही म्हणायचात, "घाणा बंदच आहे की. मी फक्त बैल झालोय."

हूकर म्हणजे काय, हे मला स्वयंपाकघरात कळलं. तुम्ही एक हात माझ्या खांद्यावर टाकता, दुसरा आईच्या, आणि मधे लोंबकळता. दोन्ही हात अडकलेले, डोकं खाली. मी मोकळ्या हाताने नारळ फरशीवर घरंगळत सोडते. तुमच्या पायाचा एक फटकारा, आणि नारळ मागे, थेट कुकरपाशी! "अहो, फुटला तर बिरड्यात दूध कुठलं घालू?" आई ओरडते, पण खांदा काढून घेत नाही. "नारळाकडे बघायचंच नाही," तुम्ही धापा टाकत सांगता, "सोडणाऱ्याच्या मनगटाकडे बघायचं. पाय आधी उचलला तर शिट्टी, उशिरा उचलला तर बॉल त्यांचा."

१९६०चं दशक संपत आलं तेव्हा तुम्ही चाळिशीला टेकला होतात, आणि शिट्ट्या वाढल्या होत्या. आणखी एक मॅच बघू, नाहीतर तुझी जागा त्या तरण्या पोराला देऊ, असं मॅनेजर म्हणाला. जेवताना तुम्ही हे पावसापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलंत. मी तेव्हा युनियनच्या सभा गाजवत होते. ताडकन उठले. "मी बोलते तुमच्या कमिटीशी!" आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही माझ्यावर आवाज चढवलात. "खाली बस. माझी वकिली करायची नाही. माझ्यासाठी माझा पाय बोलेल."

आणि ती मॅच! शेवटची काही मिनिटं उरलीत. आपण जेमतेम दोन पॉइंटनी पुढे, स्क्रम आपल्याच गोललाइनला खेटून, आणि बॉल आत सोडणार त्यांचा माणूस. हा बॉल गेला तर मॅच गेली आणि तुमची जागाही गेली. माझ्या शेजारचा टोपीवाला बोंबलतो, "म्हाताऱ्याला काढा! परत पेनल्टी देईल!"

"ते माझे वडील आहेत," मी म्हणते.

"मग घरी ठेवून चहा पाज की त्यांना, पोरी."

उत्तर द्यायला मी तोंड उघडते, तोच बारा माणसं एकमेकांवर आदळतात. तुमची चिखलाने माखलेली पाठ सोडून मला काही दिसत नाही. त्या माणसाचं मनगट हलतं. शिट्टी? नाही! बॉल मागून, आपल्या बाजूने बाहेर येतो, बाबा, त्यांचा हक्काचा बॉल! आपला विंगर तो घेऊन अख्खं मैदान कापत सुटतो, टोपीवाला टोपी उडवतो, मला मिठी मारतो, विंगरच्या नावाने नाचतो. तुम्ही अजून गुडघ्यांवरच. एकटा त्यांचा हूकर वाकला, तुमच्या काखेत हात घालून त्याने तुम्हाला उभं केलं आणि मान हलवत हसला. काय झालं ते त्याला कळलं होतं.

नंतर मॅनेजर आला. "पुढचा सीझन खेळशील ना?"

"नाही," तुम्ही म्हणालात, "गुडघा संपला. पण विचारलंस, बरं वाटलं." आणि घरी येताना बसमध्ये भर गर्दीत तुम्ही मोठमोठ्याने गात होतात.

तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, ते टेबलावरच राहील. एक कबूल करते: हजारोंसमोर गरजणारी मी, तुमच्याबद्दल व्यासपीठावर एकदाही बोलू शकले नाही. दर वेळी मी पुढच्या मागणीकडे वळले. म्हणून हा कागद ज्याच्या हाती पडेल त्याला सांगते: पुढच्या मॅचला सगळे पळणाऱ्याकडे बघत असतील तेव्हा मान वळवा, स्क्रममधून सगळ्यात शेवटी उठणारा माणूस शोधा, आणि त्याचं नाव घेऊन ओरडा.