ओठांतल्या टाचण्या

जावईबापू,

हे तुमचीच लेक लिहितेय. मी भराभर बोलते अन् हिचा हात थांबतो, म्हणजे माझ्या शिव्या गाळतेय लबाड.

पोरांची आई जाऊन आठवडा नाही झाला अन् पोरं हसतात, म्हणून त्यांना दोन वेगळ्या घरी धाडणार तुम्ही? माझी लेक शिवायला बसली की ओठांत टाचण्या धरून "म्म्म्हं!" असं पोरांवर ओरडायची. आता ही तसंच धाकट्यावर ओरडते. दोघं खिदळतात, मग गळ्यात पडून रडतात. हसू ऐकून तुम्ही दार आपटून गेलात; रडणं कोण ऐकणार?

पत्र टाकतच नाही. याच पोरांना न्यायला. ओठांत टाचण्या धरून दारात उभी राहीन अन् "म्म्म्हं!" करीन. अर्थ पोरं सांगतील.

तुमची नावडती,
सासू