झडपेवरच्या घंटा

१९ नोव्हेंबर १९४४

आज बॉयलरवर चढले. शाळेतली बाई लुगडं खोचून शिडी चढते म्हणून खाली कारखान्यातल्या बाया हसत होत्या. हसू देत!

बंडप्पा म्हणाला ते खरं निघालं. झडपेच्या दांड्यावर घंटा बांधल्या आहेत. पितळी, रामलिंगाला वाहतात तशा. दांड्याच्या टोकाला कारखान्याचं वजन आहे, त्याच्या शेजारी दाटीनं लोंबतात.

झडपेचं काम एकच. वाफ नको तितकी वाढली की दांडा उचलायचा, जास्तीची वाफ बाहेर सोडायची, पुन्हा बसायचं. कुणाला विचारायचं नाही. दांड्यावर किती वजन हवं ते बॉयलर घडवणाऱ्यानं ठरवून दिलं आहे. घंटा म्हणजे वजनच. पितळेचं असो, देवाचं असो.

सुरुवात इरम्मानं केली. ती जिनवर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस टाकणाऱ्या बायांतली वडीलधारी. मागच्या हंगामात तिच्या नातवाला देवी आल्या. तिनं बॉयलरच्या आगीला हात जोडले आणि त्याच क्षणी झडप उघडली. पोर वाचलं. तिनं घंटा बांधली. पुढच्या वेळी झडप उघडली तेव्हा घंटा वाजली — झालं! आता नवस बोललेली प्रत्येक बाई घंटा बांधते. वाजली की नवस पोचला. घंटा वाढल्या, झडप जड झाली, उघडेना. म्हणजे देव ऐकत नाही. म्हणजे आणखी घंटा!

वर उभी राहून हे समजून घेतलं आणि तरातरा शिडी उतरले. भीतीनं नाही, रागानं.

२० नोव्हेंबर

बंडप्पाशी बोलले. माझा धाकटा भाऊ, पण बॉयलरसमोर उभा असला की तो माझं ऐकत नाही. भट्टी त्याच्या हातात आहे. काही झालं तर पहिला तोच जायचा.

तो म्हणतो, नवसाची वस्तू मी कशी सोडू? उद्या कुणाचं पोर दगावलं तर गाव माझ्या नावानं बोटं मोडेल. शिवाय घड्याळ आहेच. वाफेचा दाब दाखवणाऱ्या तबकडीला कारखान्यात सगळे घड्याळ म्हणतात. काटा तांबड्या रेघेला टेकला की तो विस्तव आवरतो.

म्हणजे झडपेचं काम तू करतोस, म्हटलं.

"झडपंला पगार न्हाय अक्का, मला हाय."

स्वतःच्याच विनोदावर पोटभर हसला. मला हसू आलं नाही.

२२ नोव्हेंबर

त्यातली एक घंटा आमच्या महानंदाची, बंडप्पाच्या बायकोची आहे. नवऱ्याला काही होऊ नये म्हणून! आज जेवले नाही.

२६ नोव्हेंबर

आण्णासाहेबांना भेटले. कारखाना त्यांचा. चहा दिला, खुर्ची दिली, कोणत्या इयत्तेला काय शिकवता ते विचारलं. झडपेचं ऐकून मान डोलवत राहिले. मग म्हणाले, "शिवगंगाबाई, तुम्ही पोरींना कविता शिकवा. बायांची श्रद्धा मोडायची माझी छाती नाही."

खोटं! या माणसाला सगळं समजतं. झडप उघडली की वाफ जाते, वाफेबरोबर कोळसा जातो. लढाईमुळं रेल्वेच्या वाघिणी मिळत नाहीत, येडशीच्या फलाटावर कोळसा दिसला की माणसं बघायला जातात. झडप गप्प बसली ती यांच्या सोयीची आहे. बायांनी भक्तीनं केलं ते यांनी हिशेबानं राहू दिलं. मला त्या बायांपेक्षा हा माणूस अडाणी वाटला असता तर बरं होतं. तो अडाणी नाही, हेच सोसत नाही.

त्यांच्या तोंडी कविता हा शब्द नको वाटला.

२८ नोव्हेंबर

इरम्माकडं गेले. अंगणात सरकी वाळत घातली होती, बाकीच्या बायाही जमल्या. मी पोरींना शिकवते तसं शिकवायला बसले. चुलीवरचं भाताचं भांडं, वर झाकण, झाकणावर वरवंटा.

इरम्मानं मला पुरं बोलू दिलं नाही. "बाई, म्या चुलीम्होरं जल्म काढला. झाकण का उडतंय ते मला सांगता व्हय?"

सगळ्या हसल्या. ती मात्र सरकी चाळता चाळता थांबली. म्हणाली, "म्हंजी देव बोलंना झालाय ते आमीच त्येचं तोंड दाबलं म्हनून?"

मी व्हय म्हटलं. देव नाही, झडप, असं म्हणायचं होतं. म्हटलं नाही.

१ डिसेंबर

घंटा उतरल्या! बायांनी स्वतः उतरवल्या, हळदकुंकू वाहून. रामलिंगाला नेऊन बांधणार आहेत. दुपारी झडप उघडली, शाळेपर्यंत आवाज आला. पोरी दचकल्या. मी फळ्याकडं तोंड करून उभी राहिले, त्यांना माझं तोंड दिसू नये म्हणून.

३ डिसेंबर

महानंदानं पुरणपोळी केली. बंडप्पा म्हणतो, घड्याळाकडं बघून बघून मान आखडली होती, ती सुटली.

९ डिसेंबर

तीन-चार दिवस आवाज नाही. बंडप्पाला विचारलं तर ताटात बघून जेवत राहिला. मग महानंदानं सांगितलं.

वजनकाट्यावरचं लोखंडी वजन! रुईचे गठ्ठे तोलतात ते. आण्णासाहेबांनी दांड्याला बांधायला लावलं. तारेनं. आणि बांधलं कुणी — आमच्या बंडप्पानं!

"हुकूम हाय, अक्का. गठ्ठ्यांच्या प्रेसला दाब पुरंना. कोळसा यीना. म्या काय करू? न्हाय म्हनलं तर बार्शीहून दुसरा आनतील."

आणू देत की! त्याला मी आणखी काय काय बोलले ते लिहीत नाही.

इतके दिवस मी अडाणीपणाशी भांडत होते आणि जिंकले म्हणून खूश होते. अडाणीपण दोन शब्दांत उतरलं. लोखंड तसं उतरत नाही. तक्रार घेऊन सरकारी कचेरीत जाऊन आले. तिथल्या माणसानं अर्ज सरकारी भाषेत, उर्दूत हवा म्हणून सांगितलं. उर्दूत लिहून दिला. मग विचारलं, तुम्ही कारखान्याच्या कोण? कोणी नाही म्हटल्यावर कागद परत केला.

आण्णासाहेब वाटेत भेटले. म्हणाले, घंटा काढल्या की बाई, तुमचंच ऐकलं. हात जोडून म्हणाले!

१३ डिसेंबर

इरम्मा शाळेत आली. पहिल्यांदाच. दारातच उभी राहिली.

"बाई, आमच्या घंटा नवसाच्या हुत्या. हे लोखंड कुणाच्या नवसाचं?"

बायांचं ठरलं आहे. उद्या दुपारची भाकरी फाटकाबाहेर खायची आणि परत आत जायचं नाही. लोखंड उतरेपर्यंत कापसाला हात लावायचा नाही. जेवणाच्या सुटीपुरती भट्टी थांबत नाही, पेटलेलीच असते. पेटल्या भट्टीत कारखाना बंद पडलेला आण्णासाहेबांनी बघावा! मी म्हटलं, मीपण येते. शाळेला रजा टाकली.

बंडप्पाला सांगायचं नाही असं ठरलं. मीच सुचवलं. मालकासमोर त्याला खोटं बोलता येत नाही. महानंदाही बायांबरोबर बसणार आहे.

किती दिवसांनी मन असं मोकळं आहे! वर्गात पोरींना मी उगाच एक तास आधी सोडलं.

१६ डिसेंबर

परवा बाया परत आत गेल्या नाहीत. जिन रिकाम्या फिरल्या, मग थांबल्या. भट्टी भरलेली, वाफ घ्यायला कुणी नाही. बंडप्पानं भट्टीतला विस्तव बाहेर ओढला तरी काटा उतरेना. तो वर चढला आणि हातांनी तार सोडवली.

झडपेचा आवाज झाला तेव्हा मी फाटकाबाहेर होते. मला वाटलं, आण्णासाहेब नमले.

धाराशिवच्या दवाखान्यात आहोत. वाफेनं त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेत, डोळ्यांवर पट्टी. महानंदा पायाशी बसून असते. आज त्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"अक्का, बाया समद्या भाईरच हुत्या न्हवं?"

व्हय म्हटलं. बाहेर का होत्या आणि त्याला आधी का सांगितलं नाही, ते त्यानं विचारलं नाही.