एका बोल्टाखालच्या तीन वायरी

मी, व्हर्लिन आर्थर टोस्ट्रड, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार टॅमरॅक रिज धावपट्टीला लागून असलेले पिवळे घर, विस्कॉन्सिन राज्य, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने, स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. डॉक्टर म्हणतात की माझे स्वादुपिंड कामातून गेले. डोके गेलेले नाही. ज्याला शंका असेल त्याने शेवटपर्यंत वाचावे. यापूर्वीचे एकच मृत्युपत्र आहे. ते माझ्या मुलाच्या वकिलाने सहा पानांत केले होते आणि त्यात माझ्या विमानाचा उल्लेख 'इतर जंगम वस्तू' असा होता. ते रद्द समजावे.

कलम १. घर, त्याखालची जमीन आणि बर्फ ढकलायचा ट्रॅक्टर मुलगा कर्टिस यास. कर्टिस विमा विकतो. त्याला विमानात बसवले की तो डोळे मिटतो आणि विमान विकण्याची गोष्ट निघाली की उघडतो. घर त्याने खुशाल विकावे. तळघरात उत्तरेच्या भिंतीतून पाणी येते, हे मी त्याला सांगितलेले नाही. ते कोणत्या विम्यात बसते हे त्याच्याइतके कोणाला कळणार?

कलम २. बँकेत जे असेल ते कर्टिस आणि मुलगी मार्नी यांना निम्मे निम्मे. त्यावरून भांडावे इतके ते नाही.

कलम ३. हत्यारे. माझी पिना दाबायची पक्कड, चांगली, जर्मन, ती मार्नीला. रिव्हेट ओढायचे हत्यार हँगर क्रमांक चारमधील दंतवैद्यांना. आमच्याकडे नियम असा आहे की घरी बांधलेल्या विमानाचे निम्म्याहून अधिक काम मालकाने स्वतःच्या हाताने केलेले असावे. या गृहस्थांनी पंख दुसऱ्याकडून करून घेतले, पॅनेल तिसऱ्याकडून, रंग चौथ्याकडून. स्वतः फक्त 'निर्माता' अशी पितळी पाटी दोन रिव्हेट मारून लावली, आणि त्यातला एक रिव्हेट वाकडा आहे. दुसऱ्यांच्या तोंडात ते काय करत असतील याचा विचार मी करत नाही. हत्यार निदान एकदा हातात धरून पाहावे.

कलम ४. माझे वायरिंगचे नकाशे, एकूण सात गुंडाळ्या, जाळून टाकाव्यात. इंटरनेटवर सल्ले वाटणाऱ्या मंडळींना त्यातला कपटाही मिळू नये. उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढेच यांचे भांडवल. एका यंत्राची बोलायची वायर दुसऱ्याच्या ऐकायच्या पिनेत घालायची असते. हे ज्यांना उमगत नाही ते दोन बोलायच्या वायरी एकमेकींना जोडतात आणि मग कंपनीला शिव्या देतात. दोन माणसे एकाच वेळी बोलत राहिली तर ऐकणार कोण? या धावपट्टीवर दर शनिवारी हेच चालते, तरी यांच्या डोक्यात प्रकाश पडत नाही.

कलम ५. अंत्यविधी लूथरन चर्चमध्ये. पाद्रीबुवांनी बारा मिनिटांच्या वर बोलू नये. 'तो आता आणखी उंच उडतो आहे' हे वाक्य कोणीही उच्चारू नये; उच्चारल्यास त्या माणसाला हॅमचा बन आणि कॉफी न देता घरी पाठवावे.

कलम ६. शेजारच्या हँगरमधील गेलन प्रॉक्नो यास काहीही नाही. तो या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देऊ नये असा कायद्याचा संकेत आहे. सोयीचा संकेत आहे. गेलन आणि मी शेजारीशेजारी विमाने बांधली. माझे अकरा वर्षांत झाले, त्याचे सतरा वर्षांत, कारण तो काम करताना गातो. त्याच्याविषयी आणखी एक गोष्ट लिहायची आहे, ती पुढच्या कलमात येईल.

कलम ७. विमान. दोन माणसांचे, पत्र्याचे, माझ्या हाताचे. ते मार्नीला. कर्टिसने हरकत घेतल्यास कलम १ मधील ट्रॅक्टरही मार्नीला.

मार्नी इस्पितळांतील एक्स-रेची यंत्रे दुरुस्त करते. कॉलेजात होती तेव्हा दोन उन्हाळे तिने माझ्याबरोबर काम केले. मी बाहेरून रिव्हेट ठोकायचो आणि ती शेपटीच्या नळकांड्यात पालथी पडून आतून लोखंडी ठोकळा धरायची. त्या भागातला एकही रिव्हेट मला पुन्हा काढावा लागला नाही. हे मी तिला कधी सांगितले नाही. कौतुकाने माणसे बिघडतात असे मला वाटायचे, आणि कर्टिसकडे पाहून ते खरेही वाटायचे.

आता मुद्दा. माझ्या पॅनेलमध्ये जुन्या गोल तबकड्यांच्या जागी एक मोठी स्क्रीन आहे. शेजारी जीपीएस. सीटखाली ऑटोपायलटची मोटर. जीपीएस वाट सांगतो, स्क्रीन ती वाट ऑटोपायलटला समजावते आणि ऑटोपायलट विमान वळवायचा दांडा हलवतो. तीन कंपन्यांची तीन यंत्रे. प्रत्येकीचे माहितीपुस्तक दुसरीकडे बोट दाखवते. त्यांना एकमेकांशी बोलते करायला मला दोन हिवाळे लागले. एक यंत्र बंद पडले तरी दुसरे चालावे म्हणून प्रत्येकाला वेगळी राखीव बॅटरी दिली. त्याचा मला गर्व होता. सगळ्या धावपट्टीला मी ते बोलावून दाखवले.

नऊ वर्षांपूर्वी, शनिवारच्या पॅनकेकच्या न्याहारीला मार्नी आली होती. तिने पॅनेलखाली डोके घातले, पाच मिनिटांनी बाहेर काढले आणि म्हणाली, "बाबा, बॅटऱ्या तीन लावल्यात, पण तिघांचं अर्थिंग एकाच बोल्टाखाली आहे. जायला तीन वाटा आणि परत यायला एकच. तो बोल्ट सैल झाला तर तिन्ही एकदम जातील."

मी म्हणालो, "तू आपली एक्स-रेची मशीनं बघ. ती जमिनीवर उभी असतात, पडली तरी लागत नाही."

चाळीस माणसे हसली. दंतवैद्य सर्वांत मोठ्याने. मार्नीने आपली बशी धुऊन ठेवली आणि ती निघून गेली. तेव्हापासून ती माझ्या हँगरमध्ये आलेली नाही. आईच्या अंत्यविधीला आली, पण मागच्या बाकावर बसली आणि कॉफीला थांबली नाही.

त्या न्याहारीनंतर पाच आठवड्यांनी मी आणि माझी पत्नी आर्डिस आयोवातून घरी येत होतो. नदीवर ढग होते. मी ऑटोपायलट लावून ढगात शिरलो, कारण मला माझ्या वायरिंगवर भरवसा होता. विमान वळत असताना स्क्रीन गेली, जीपीएस गेला आणि ऑटोपायलटने दांडा सोडून दिला. तिन्ही एकदम. बोल्ट सैल झाला होता. राखीव म्हणून ठेवलेल्या दोन जुन्या तबकड्या आणि होकायंत्र यांवर मी खाली आलो. ढगातून बाहेर पडलो तेव्हा डाव्या पंखाखाली नदीकाठची झाडे मला एक एक वेगळी मोजता आली असती. पहिल्या दिसलेल्या धावपट्टीवर उतरलो. आर्डिस खाली उतरली, गवतावर बसली आणि म्हणाली, "घरी गाडीनं जाऊ." त्यानंतर ती विमानात कधी बसली नाही. तीन वर्षांपूर्वी ती गेली.

लोकांना मी सांगितले की स्क्रीन बनवणाऱ्यांनी माती खाल्ली. ते कोणाला पटेना, तेव्हा मी सांगितले की त्या बोल्टावरचे लग, म्हणजे वायरींच्या टोकांना दाबून बसवायचे धातूचे तुकडे, गेलनने दाबले होते, स्वस्तातल्या पकडीने. ते सर्वांना लगेच पटले, कारण गेलन गातो. त्या दिवसापासून या धावपट्टीवर कोणी गेलनला वायरीला हात लावू देत नाही.

ते खोटे आहे. लग मी दाबले, बोल्ट मी आवळला, आणि तिघांना एका बोल्टाखाली घालण्याची अक्कलही माझीच.

याहून वाईट पुढे आहे. विमान आठ दिवस तिकडेच पडून होते. गेलनने ते उडवून परत आणले आणि म्हणाला, "बोल्ट आवळलाय. चालतंय." मी ते पॅनेल पुन्हा उघडले नाही. उघडले असते तर पोरीचे बरोबर होते हे डोळ्यांनी पाहावे लागले असते. विमान ज्याने बांधले त्याला दरवर्षीच्या तपासणीची सही स्वतःच करता येते. मी नऊ वेळा 'पॅनेलमागील वायरिंग तपासले' असे लिहून सही केली आणि नऊही वेळा ते खोटे होते. ढगात पुन्हा गेलो नाही. डोळे अधू झाले असे लोकांना सांगितले. दंतवैद्यांच्या वाकड्या रिव्हेटला मी हसतो, पण ते निदान काय केले नाही ते लपवत नाहीत. मला या गोष्टीची लाज वाटते. नऊ वर्षे वाटते आहे.

म्हणून अट. मार्नीने हे विमान एक फूटही उचलण्याआधी पॅनेल उघडावे, माझे अर्थिंग मुळापासून उपटावे आणि स्वतःच्या पद्धतीने करावे. ते होईपर्यंत तिने किंवा कोणीही त्यात बसू नये. ही अट मोडली गेली तर माझ्या हाताने माझी मुलगी मरेल. बाकीची सगळी कलमे कोर्टाने खुंटीला टांगली तरी चालतील, ही नाही.

येथे मृत्युपत्र संपायचे होते.

परवा, मंगळवारी, डोना क्रेसिनच्या स्वयंपाकघरात दोन्ही साक्षीदारांना बोलावले. डोना धावपट्टीवरची न्याहारी चालवते आणि न वाचता पार्सलवरही सही करत नाही. तेव्हा सगळे मोठ्याने वाचावे लागले. कलम सात वाचताना मी गेलनकडे पाहिले नाही. वाचून झाल्यावर तो बराच वेळ कॉफीत साखर ढवळत बसला. तो साखर घेत नाही.

मग म्हणाला, "ती अट खोडून टाक."

मी म्हणालो, "तुला कोणी विचारलं?"

"कोणीच नाही. नऊ वर्षांत कोणीच विचारलं नाही. व्हर्लिन, मी विमान आणायला एकटा गेलो नव्हतो. आर्डिसनं मार्नीला फोन केला होता. पोरगी माझ्याआधी तिथं हजर, गाडीत हत्यारांची पेटी. म्हणाली, हे असं उडवलंत तर मी चाकापुढं झोपेन. दोन दिवस ती पॅनेलखाली होती. तिघांचं अर्थिंग वेगळं केलं, तीन वाटांनी. वर जीपीएसकडून थेट ऑटोपायलटकडं एक जादा वायर टाकली. स्क्रीन गेली तरी विमान सरळ जाईल."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"तिनं शपथ घातली होती. म्हणाली, बाबांना कळलं तर ते सगळं उपटतील आणि पुन्हा आपलंच बसवतील."

डोना म्हणाली, "उपटलं असतंस की नाही ते सांग."

उपटले असते.

मी गेलनला म्हणालो, "आणि तुझ्या पकडीचं? ते का ऐकून घेतलंस?"

"तू आजारी पडल्यासारखा दिसत होतास. आणि मला वायरिंग आवडत नाही. कोणी बोलावेना, बरंच झालं." मग त्याने ती गोड कॉफी दूर सारली. "पहिलं वर्ष वाईट गेलं. खोटं कशाला बोलू?"

मी त्याची माफी मागितली. डोनाच्या देखत मागितली, म्हणजे शनिवारपर्यंत सर्वांना कळेल. सही मात्र त्या दिवशी केली नाही. मार्नीला फोन केला.

ती आज, गुरुवारी, तीन तास गाडी चालवून आली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "किती वाळलात." मी म्हणालो की मला पॅनेल बघायचे आहे. ती म्हणाली, "आता कशाला? गेलनकाकांनी सांगितलं ना." मी म्हणालो की ऐकीव गोष्टीवर मी सही करत नाही, अशा नऊ केल्या, पुरे. तिने सीट काढली, माझ्या पाठीखाली उशी घातली आणि मला पॅनेलखाली सरकवले. विजेरी तिने धरली.

कलम सातमधील अट मी माझ्या हाताने खोडली आहे आणि शेजारी आद्याक्षरे घातली आहेत. विमान मार्नीला, विनाअट. तिच्या कामात मी दोन तास चूक शोधली. सापडली नाही. हे मी तिला तिथेच, पाठीवर पडल्यापडल्या सांगितले. विजेरी हलायला लागली, तेव्हा नीट धर म्हणून ओरडलो.

ठिकाण : टॅमरॅक रिज, विस्कॉन्सिन
दिनांक : १४ ऑक्टोबर २०२१

व्हर्लिन आर्थर टोस्ट्रड (सही)

साक्षीदार, ज्यांच्या समक्ष वरील सही झाली :
१. गेलन प्रॉक्नो (सही)
२. डोना क्रेसिन (सही, सगळे वाचून)