सातव्या दारामागं काय आहे, हे मला माहीत आहे

४ ऑगस्ट २०२५, सोमवार. दुकानात, दुपारी ३.
ऐतिहासिक दिवस. ‘अग्निद्वार’ कादंबरीच्या पहिल्या प्रकरणाच्या दोनशे प्रती छापून आल्या. सोळा पानं, कव्हर रंगीत. लेखक : अग्निकेत. रोहिदास मिणमिणे हे नाव खोपोलीच्या शिळफाट्यावरच्या चष्म्याच्या दुकानाला ठीक आहे, नऊ खंडांच्या अद्भुत कादंबरीला नाही.
योजना : प्रत्येक चष्म्याबरोबर एक प्रत मोफत. गिऱ्हाईक नव्या चष्म्यातून पहिलं काय वाचणार? मला. असं मार्केटिंग मुंबईत पण कुणाला सुचलेलं नाही.
पहिल्या प्रकरणाला अकरा वर्षं लागली, हे खरं. पण तो पाया होता. पायाला वेळ लागतोच. संकल्प : दुसरं प्रकरण पंधरा ऑगस्टच्या आत.
रात्री १०. घरी कर्जतला आल्यावर पहिली प्रत बायकोला दिली. सुरेखा म्हणाली, अंगणवाडीचं रजिस्टर भरून झालं की बघते. प्रत फ्रिजवर ठेवली.

७ ऑगस्ट, गुरुवार.
चार चष्मे, चार प्रती. एकाने वॉरंटी कार्ड समजून शिक्का मारून मागितला. मारला.
प्रकरण पुन्हा वाचलं. अग्निगडाला सात दारं. मेघवती ही चाळीस वर्षं दारात उभी असलेली म्हातारी द्वारपालीण. चाव्या तिच्या कमरेला. राजपुत्र तेजकेतूसाठी ती सहा दारं उघडते, आणि सातवं एकटीच उघडते. शेवटचं वाक्य : ‘दाराआड जे होते ते पाहून मेघवती हसली.’
इथं प्रकरण संपवायला हिंमत लागते. दाराआड काय आहे, हे मला अर्थातच माहीत आहे. ढोबळ मानाने.

११ ऑगस्ट, सोमवार.
नमिरा नावाची कॉलेजातली मुलगी परवा तिच्या आजीचा चष्मा घेऊन गेली होती. आज परत आली. मला वाटलं स्क्रू ढिला झाला. तिने विचारलं, या लेखकाला तुम्ही ओळखता का? मी म्हटलं, थोडंफार.
तिची आजी हवाबी हिने प्रकरण तीनदा वाचून घेतलंय. चष्मा असूनही. ऐकण्यात मजा आहे म्हणते. शेजारच्यांनाही ऐकवलं, आणि आता ‘दार सातवं’ असा व्हॉट्सॲप ग्रुप निघालाय. अकरा माणसं. सगळे एकच विचार करतायत, दारामागं काय?
मी तिला दहा प्रती जादा दिल्या. जाता जाता तिने विचारलं, पान चारवर घोडा पांढरा आहे आणि पान नऊवर काळा, म्हणजे घोडे दोन आहेत का? मी म्हटलं, हा लेखक उगाच काही लिहीत नाही.
ती गेल्यावर तपासलं. खरंच आहे. चाव्यासुद्धा आधी डाव्या कमरेला आहेत, नंतर उजव्या.
संध्याकाळपर्यंत विचार केला. हे मी मुद्दामच केलं असणार. मोठ्या कामात लेखकाचा हात लेखकाच्या पुढं चालतो.

१५ ऑगस्ट, शुक्रवार.
झेंडावंदन. दुकान बंद. दिवसभर लेखन.
‘प्रकरण दुसरे’ असं लिहिलं. खाली रेघ मारली. रेघ चांगली आली आहे.

१९ ऑगस्ट, मंगळवार.
ग्रुपमध्ये शिरायचं ठरवलं. पण माझा नंबर दुकानाच्या बोर्डावर आहे, लगेच ओळखतील. म्हणून सुरेखाचा फोन वापरला. ती म्हणाली, वापरा, फक्त अंगणवाडीच्या ग्रुपला हात लावू नका. तर ग्रुपमध्ये मी आता ‘सुरेखा, कर्जत’.
त्रेचाळीस मेंबर. डोळ्यात पाणी आलं.
खोपोलीतल्या कारखान्यात शिफ्टला असणारा कुणी नवनाथ, त्याने अग्निगडाचा नकाशा काढलाय. गडाला विहीर दाखवलीय. मी विहीर लिहिली नव्हती, पण पाहिजेच, माणसं पाणी काय पिणार. दुसरा म्हणतो, चाव्या दोन बाजूंना म्हणजे मेघवती दोन, जुळ्या बहिणी. हे ऐकून मलाच काटा आला.
हवाबी टाइप करत नाहीत. नमिरा फोन धरते, त्या बोलतात. म्हणाल्या, राजपुत्राचं सोडा. ‘बाई चाळीस वर्षं दारात उभी हाय. सगळ्यांना आत सोडते. तिला कोणी विचारलं का, तू कुठली गं?’
विषयांतर. पण वाचक आहे, बोलू द्यावं.

२४ ऑगस्ट, रविवार.
चाहत्यांची तगमग बघवेना. ठरवलं, खरं उत्तर देऊन टाकू. सुरेखाच्या फोनवरून लिहिलं : दाराआड तेजकेतूच्या पूर्वजांची सोन्याची तलवार आहे, आणि ती तेजाने झळकतेय.
पाच मिनिटांत नमिरा : ‘सुरेखाताई, राग मानू नका, पण असं सिरियलमध्ये होतं. लेखक एवढा साधा वाटत नाही.’
नवनाथ : ‘ताई, प्रकरण परत एकदा शांतपणे वाचा.’
मग हवाबींचा आवाज : ‘तलवार बघून बाई हसत नाय. पुरुष हसतो.’ त्यावर एकतीस अंगठे.
माझ्याच पुस्तकाबद्दल मलाच कळत नाही, असं एकंदर मत पडलं. याचा अर्थ रहस्य फारच पक्कं झाकलं गेलंय. लेखक म्हणून मी समाधानी आहे. जेवलो नाही, ते ॲसिडिटीमुळं.
सुरेखाने फोन पाहिला. म्हणाली, ही कोण माणसं आणि मला का ओरडतायत? मी म्हटलं, ही साहित्यिक चर्चा आहे. ती उठली. फ्रिजवरची प्रत काढून खिडकीशी बसली.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी.
विद्येची देवता घरात असताना आपण लिहीत बसणं उद्धटपणा. लेखन पाच दिवस स्थगित.

८ सप्टेंबर, सोमवार.
स्थगिती थोडी लांबली.
नमिरा दुकानात आली होती. हवाबी नोव्हेंबरात उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, निघणार. लेखकाला निरोप आहे : ‘मी जायच्या आधी ते दार उघड म्हणावं. नायतर तिथं पण माझ्या डोक्यात तेच राहील.’ नमिरा हसत म्हणाली, पण आजी सिरियस आहे.
मी म्हणालो, लेखक स्वतः येईल. रविवार, पाच ऑक्टोबर. दुसरं प्रकरण वाचून दाखवेल.
असं का म्हणालो ते कळेना. मग कळलं. मोठ्या लेखकांना डेडलाइन लागते. माझं अंतर्मन माझ्यासाठी काम करतंय.

१४ सप्टेंबर, रविवार.
तीन ओळी लिहिल्या. दोन खोडल्या. उरलेली : ‘आणि मग.’
ग्रुपवर काय चाललंय बघावं म्हटलं तर फोन सुरेखाच्या हातात. हवाबींशी बोलत होती. मी विचारलं, कशाबद्दल? म्हणाली, दाराबद्दल. मी तिला समजावलं की हा टेक्निकल विषय आहे. अंगणवाडीत चाळीस पोरांना रोज गोष्ट सांगणं वेगळं आणि विश्वनिर्मिती वेगळी. ती ‘बरं’ म्हणाली आणि फोन घेऊन गॅलरीत गेली.

२१ सप्टेंबर, रविवार.
सुरेखा अंघोळीला गेल्यावर फोन पाहिला. ‘सुरेखा, कर्जत’ हिचे भरपूर मेसेज आहेत, आणि ते मी लिहिलेले नाहीत. एक तर ग्रुपच्या माथ्यावर पिन करून ठेवलाय. लांबलचक.
वाचला नाही. मूळ लेखकाने वाचकांचे अंदाज वाचू नयेत, उद्या कायदेशीर भानगड होते. शिवाय ती बाहेर आली.

३० सप्टेंबर, मंगळवार.
निर्णय झाला. तलवारच. लेखकाने गर्दीपुढं वाकू नये.
दुकानात एका बैठकीत तीन पानं. इतका रंगलो की एका गृहस्थांना दुसऱ्याचाच चष्मा गेला. ते परत आले, म्हणाले जिना दोनदा दिसतो. बदलून दिला. पाच तारखेचं भाषणही तयार आहे. पाच पानं.

५ ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळी ८.
लिहून टाकतो. आत्ताच लिहिलं पाहिजे.
खोपोलीला नमिराकडं गेलो. सुरेखा बरोबर होती, तिला वेगळं आमंत्रण होतं. खोलीत सत्तावीस माणसं, सतरंजीवर. हवाबी खुर्चीत, डोळ्यांवर माझ्याकडचाच चष्मा. सगळ्यांना तांदळाची वाफवलेली सांदण दिली. मी उभा राहिलो आणि जाहीर केलं की अग्निकेत म्हणजे मीच.
कुणी दचकलं नाही. नमिरा म्हणाली, आम्हाला माहीत आहे सर, पुस्तिकेच्या मागं तुमच्या दुकानाचाच नंबर आहे.
भाषण वगळलं. प्रकरण वाचलं. शेवटी तलवार झळकली. पंख्याचा आवाज येत होता.
हवाबी म्हणाल्या, ‘हे तर सुरेखाने कधीच सांगितलं होतं.’
सगळे माझ्या बायकोकडं बघायला लागले. सुरेखाने मान खाली घातली. ती एका वाक्यात सांगू शकली असती की तलवार यांचीच. नाही सांगितलं. म्हणाली, हो, तेव्हा मला तसं वाटलं होतं.
नवनाथ माणूस चांगला आहे. हळू आवाजात मला म्हणाला, ‘सर, ताईंचाच अंदाज घ्यायचा व्हता तर दुसरा घ्यायचा ना. तो लय भारी हाय.’ मी विचारलं, दुसरा कुठला? मी वाचला नाही यावर कुणाचा विश्वास बसेना.
नमिरा सुरेखाला म्हणाली, तुम्हीच सांगा. सुरेखा म्हणाली, पुस्तक यांचं आहे, मी कशी सांगू. हवाबी म्हणाल्या, ‘पुस्तक त्याचं असू दे. तू सांग गं.’
तिने माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो.
सुरेखाने सांगितलं ते असं. सातव्या दाराआड मेघवतीचं स्वतःचं घर होतं. एकोणिसाव्या वर्षी तिला ज्या घरातून उचलून आणलं, तेच. दाराबाहेर काळ जातो, आत जात नाही. पान चारवर ती गडावर आली तेव्हा घोडा पांढरा होता, पान नऊपर्यंत चाळीस वर्षं मशालींचा धूर खाऊन काळा पडला. चाव्यांच्या ओझ्याने डावी बाजू दुखायला लागली, म्हणून तिने त्या उजवीकडं घेतल्या. दार उघडलं तर आत चूल पेटलेली, आणि त्या दिवशी तिने ठेवलेलं दूध वर येत होतं. उतू जायचं होतं अजून. म्हणून ती हसली. पदराने पातेलं धरलं आणि खाली उतरवलं.
अंगणवाडीत सांगते त्याच आवाजात सांगितलं. मोठं न करता.
हवाबींनी चष्मा काढून ओढणीने पुसला. मग विचारलं, ‘मग ती आत राहिली, का परत दारात आली?’
सुरेखा म्हणाली, ते मला अजून माहीत नाही.
मी पण तिच्याकडंच बघत होतो. मलाही तेच विचारायचं होतं.
स्कूटरवरून परत निघालो, पळसदरी आली. मग मी म्हटलं, ते लोक अजून समजतात तलवार तुझी. ती मागून म्हणाली, समजू देत.

६ ऑक्टोबर, सोमवार.
शांत डोक्याने विचार केला. सोळा वर्षं ती एका लेखकाबरोबर राहते. संस्कार होतातच. एका अर्थी ही माझीच कल्पना तिच्या तोंडून आली.
प्रस्ताव मांडला : कल्पना तिची, लेखणी माझी. ती हो म्हणाली. मी सुरुवात केली, ‘धगधगत्या अग्निज्वाळांवर दुग्धपात्र उचंबळत होते.’ तिने वाचलं. म्हणाली, दूध आहे ना, मग दूध म्हणा.
मग तिने रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर स्वतःच लिहायला घेतलं. चार संध्याकाळी लागतील म्हणते. प्रकरणाला अकरा वर्षं लागतात, हे मी तिला सांगितलं नाही. नाउमेद होईल.

२६ ऑक्टोबर, रविवार.
दुसरं प्रकरण सुरेखाने स्वतःच्या आवाजात वाचून ग्रुपवर टाकलं. दोनशे बारा मेंबर झालेत. माझ्याकडं शुद्धलेखन होतं. दोन चुका काढल्या. त्यातली एक बरोबर होती.

१० नोव्हेंबर, सोमवार.
हवाबी उद्या निघतात. आज दुकानात आल्या होत्या, नमिराचा हात धरून, चष्म्याची दांडी घट्ट करून घ्यायला. मी करत असताना त्यांनी हळूच विचारलं, ‘मेघवती आत राहते का रं? तू सुरेखाबरोबर एका घरात राहतोस. तुला ठाऊक असेल.’
मी म्हटलं, ठाऊक आहे, पण सांगता येत नाही.
त्या म्हणाल्या, ‘मक्केला निघालेल्या माणसाशी खोटं बोलू नये, बाबा.’
मी दांडी घट्ट केली. काच पुसली. म्हटलं, मला माहीत नाही हो.
त्या म्हणाल्या, ‘मग बरं. मला वाटलं मीच एकटी राहिले.’
रात्री जेवताना सुरेखाला विचारलं. एक जाणकार म्हणून, अगदी सहज. ती म्हणाली, तिसरं प्रकरण शुक्रवारी येईल, बाकीचे थांबलेत तसं थांबा. मग मी माझ्या फोनवरून, माझ्या नावाने ग्रुपवर माझा अंदाज टाकला. मेघवती आत राहते, असा. नमिराने उत्तर दिलं : ‘छान, सर. पण दुसरं प्रकरण परत एकदा वाचा.’
वाचलं. दोनदा. काहीच पत्ता लागत नाही.
शुक्रवारला अजून चार दिवस आहेत.