लाइन क्लियर

३ नोव्हेंबर
आलो बाबा एकदाचा! ज्याने पोरवयात फलाटावर किटली घेऊन चहा विकला, त्याच्या हाती आता निजामाच्या काळातल्या स्टेशनाचं, म्हणजे आताच्या रेल्वे संग्रहालयाचं, कँटीन. कान अजून शाबूत आहेत. गाडी दिसायच्या आधी सांगायचो, मालगाडी की पॅसेंजर. इथले व्यवस्थापक नागसेन सर तरणे, थट्टेखोर. म्हणाले, "मारोतराव, चहा पांचट झाला तर कोळसा म्हणून तुमालेच इंजिनात टाकीन!"

५ नोव्हेंबर
सरांनी स्टेशनमास्तरच्या खोलीतलं लाल यंत्र दाखवलं. रूळ एकेरी. समोरचं स्टेशन घंटी देऊन विचारायचं, गाडी सोडू का? इथल्या मास्तरनं आधी बाहेर जाऊन रूळ मोकळा आहे का ते बघायचं, मगच उलट घंटी द्यायची, म्हणजे 'लाइन क्लियर'. एकदा दिली की गाडी निघालीच. आता तार कापलेली, समोरचं स्टेशन जंगलानं गिळलेलं. याच रुळावर बालदिनाला पोरांची छोटी गाडी सुरू होणार.

८ नोव्हेंबर
बाजारहत्नूरहून सून आणि नात वृषाली राहायला आल्या. वृषालीला यंत्र दाखवत होतो, तेवढ्यात घंटी वाजली. सरांची गंमत असणार, वाटलं. ती म्हणे, आबा, तुमी पण वाजवा ना! मी बटण दाबलं. पोरगी टाळ्या पिटत नाचली.
सर तर आज आदिलाबादला गेले होते, हे नंतर कळलं.
आणि मी बाहेर जाऊन बघितलं नव्हतं. रुळावर पोरांची गाडी उभी होती, रंग वाळत.

१० नोव्हेंबर
रुळाला कान लावला. कोळशाचं इंजिन. भरलेले डबे. लांब आहे, पण येऊन राह्यलं.
सरांनाही कान लावायला लावला. म्हणाले, मारोतराव, तुमच्या डोक्यात किटली उकळून राह्यली. कुंपणापलीकडे रूळच नाही, गाडी येईल कुठून?
खरंय. नाहीच.

१२ नोव्हेंबर
बश्या आपोआप किणकिणतात. ट्रक गेला असेल, असं सून म्हणते. रस्ता रिकामा होता.
घंटी देऊन बघितली, पुन्हा पुन्हा. गाडी थांबवा म्हणून. पलीकडून काहीच—
सरांचे पाय धरले. पोरांना बसवू नका. पाहुणे बोलावलेत, म्हणाले.

१३ नोव्हेंबर
सुनेला सांगितलं, वृषालीला घेऊन माघारी जा. म्हणे, नवा फ्रॉक शिवलाय, पहिल्या डब्यात खिडकी मिळालीय, काऊन रडवता पोरीले?
चढण संपली त्या इंजिनाची. आता उताराला लागलंय. आवाज मोकळा—

१४ नोव्हेंबर
लाल झेंडा घेऊन रुळावर उभा राहिलो. दोघांनी धरून आणलं. पोरं घाबरतात म्हणून सरांनी मास्तरच्या खोलीत बसवून बाहेरून कडी घातली. खिडकीला गज. ओरडतोय, पण बाहेर बँड—

पोरं बसली. वृषाली हात हलवतेय.

खोलीतली घंटी वाजली. मी हात लावला नाही. मी नाही—

शिट्टी.

बँड थांबला. सरांनी कुंपणाकडे मान वळवली. त्यांनाही— आता त्यांनाही—

सगळ्या पोरांनी कान झाकले. सर धावत सुटले, डब्याकडे. वृषाली कान झाकून माझ्याकडेच बघतेय. हसतेय. आबांची गंमत वाटतेय तिला. उतर बाई, उत