नळी जमिनीकडं

मंगळवार, दिवेलागणीची वेळ. चिंताकी.

पोरीला बंदूक शिकवू नका, असं माझी बायको सुनंदा दोन वर्षं सांगायली होती. मी म्हणायचो, घरात परवान्याची बंदूक आहे तर लेकराला ती माहीत असलेली बरी. तुरीत रानडुकरं शिरली की मी ओरडायचो आणि रेणू खोपीतून बंदूक आणून द्यायची. नळी जमिनीकडं, बोट चापाबाहेर, काडतुसं वेगळी. कधी चुकली न्हाई.

आज दुपारी बांधावरून अण्णाशी भांडण झालं. सख्खा थोरला भाऊ माझा. त्यानं बांध कोरला म्हणून मी ओरडलो, मग तोही ओरडला. तेवढ्यात रेणू पळत आली. तिला वाटलं, डुकरं आली. एका हातात बंदूक, नळी जमिनीकडं. दुसऱ्या हातात दोन काडतुसं.

अण्णानं आधी बंदुकीकडं पाहिलं. मग म्हणाला, "लेकराच्या हातून मागवायलास व्हय?"

मी मागवली नव्हती. पण बंदूक घेतली. काडतुसंही घेतली. कामून घेतली? भरली न्हाई, रेणूची शपथ. अण्णा दोन पावलं मागं सरला आणि वळून निघून गेला.

मघाशी रेणूनं विचारलं, "अप्पा, माझं काय चुकलं?"

काही न्हाई, म्हणालो. तिचं खरंच काही चुकलं न्हाई. तिनं दिली तेव्हा नळी जमिनीकडंच होती. माझ्या हातात आल्यावर ती अण्णाच्या छातीपर्यंत वर गेली. रेणूनंच हातानं दाबून ती खाली केली. मी शिकवलं होतं, तसं.