शनिवारचा फळा

बाई,

तुम्ही गेल्याचं मला फार उशिरा कळलं. केंद्रशाळेतल्या एका बैठकीत कुणीतरी बोलता बोलता म्हणालं, "त्या फळ्यावाल्या बाई ना, त्या वारल्या की मागेच," आणि लगेच पोषण आहाराच्या तांदळाचा विषय निघाला. मी उठून व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. त्यालाही आता वर्षं लोटली. मनातल्या मनात तुमच्याशी बोलणं तेव्हापासून चालूच आहे. आज पहिल्यांदा कागद समोर घेतला.

माझा पहिला दिवस तुम्हाला आठवत होता की नाही, कोण जाणे. मी नुकतीच शिक्षणसेवक म्हणून लागले होते, पंचवटीतून सकाळची एसटी धरून निघाले, आणि पेठच्या घाटात ट्रक आडवा झाल्यामुळे गाडी अडकली. फाट्यावरून पायी धावत शाळेत पोचले तेव्हा प्रार्थना होऊन गेली होती. तुमच्या टेबलावर हजेरीपत्रक उघडं होतं आणि माझ्या नावापुढे लाल रेघ होती. मी ट्रकचं सांगितलं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "आडवा झालाही असेल. पण मुलांनी प्रार्थना म्हटली तेव्हा तुम्ही नव्हता. इथे तेवढंच लिहायचं असतं." पहिल्याच दिवशी मी दुसरीच्या वर्गात मुलांकडे पाठ करून रडले. दुपारी तुम्ही मला तुमच्या खोलीवर नेलंत, नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण वाढलंत. मी जेवत असताना म्हणालात, "शेजारची खोली रिकामी आहे. रोज घाट करायचा नसेल तर या राहायला." त्याच आठवड्यात मी ट्रंक घेऊन आले.

तिथे राहायला लागल्यावर मला शाळा समजायला लागली. आपण तिघं होतो. तुम्ही मुख्याध्यापिका, मी, आणि तिसरी-चौथीचे गुरुजी. गुरुजी नाशिकला राहायचे, तिथे प्लॉट विकायचा त्यांचा धंदा होता आणि तालुक्याच्या राजकारणात वजन असलेला त्यांचा मेहुणा होता. आठवड्यातून एखाददुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर यायचे. तुम्ही या शाळेवर येण्याआधी ते शनिवारी येऊन आठवड्याच्या सगळ्या सह्या एकदम करत. तुम्ही आल्यावर प्रार्थना संपली की रिकाम्या रकान्यात लाल रेघ मारायला लागलात. गुरुजींनी त्याचं काही मनावर घेतलं नाही, कारण तुमच्या रेघा तालुक्याला जायच्या आणि तिथेच राहायच्या. मला ते समोर हसून म्हणाले होते, "मॅडम, बाईंना रंगकामाची हौस आहे."

शनिवारी सकाळची शाळा सुटली की तुम्ही पहिलीच्या वर्गात बस्करावर बसायचात आणि मला समोर बसवायचात. आठवड्यात काय शिकवलं, ते कुणाला आलं, कुणाला आलं नाही. कोण मूल शाळेत दिसलं नाही आणि त्याच्या घरी कोण जाऊन येणार. मला ती बैठक म्हणजे परीक्षा वाटायची. मी म्हणाले, "वजाबाकी झाली," तर तुम्ही विचारायचात, "तुमची झाली की त्यांची?" गुरुजी आले असले तर दारातच घड्याळ बघत उभे राहायचे. तिसरी-चौथीचं सांगायला त्यांच्याकडे काही नसायचं.

फळ्याचं सुरू झालं ते दिवाळीनंतर. त्या दिवसांत आपल्या गावातली निम्मी घरं दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात आणि पोरंही बरोबर जातात. चौथीतल्या एका मुलीची आई बोचकं बांधून तुमच्याकडे आली होती. मुलीला मावशीकडे ठेवून जा म्हणून तुम्ही तिची समजूत घालत होता. ती खाली बघत ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "बाई, ठेवली असती. पण गुरुजी येत नाय. पोर नुसती वर्गात बसून माघारी येते. आठवड्यात शाळा झाली का नाय झाली, आमाला कसं कळायचं?" तुम्ही तिला शनिवारपर्यंत थांबायला सांगितलंत. 

त्या शनिवारी तुम्ही रस्त्याकडच्या भिंतीवर जुना फळा ठोकून घेतलात. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंत. पहिली-दुसरीला या आठवड्यात काय शिकवलं. तिसरी-चौथीला काय शिकवलं. मुख्याध्यापिका किती दिवस हजर, मॅडम किती दिवस, गुरुजी किती दिवस. नाव कुणाचंच नाही, शिव्या नाहीत, तक्रार नाही. बाजाराला जाणारी माणसं थांबायला लागली. ज्यांना वाचता येत नव्हतं ते मुलांकडून वाचून घेत. त्या आईने मुलीला मावशीकडे ठेवलं. जाताना मला म्हणाली, "फळा चालू ठेवा मंग."

तालुक्याला गेलेल्या रेघांनी जे झालं नाही ते त्या फळ्याने झालं. गुरुजी चिडले. एका दुपारी शाळेसमोर जीप थांबली आणि मेहुणे उतरले. पांढरे कपडे, बोलणं एकदम गोड. खुर्चीत बसून त्यांनी आधी तुमच्या घरची चौकशी केली. तुमच्या मिस्टरांना अर्धांगवायू झालेला, ते नाशिकला एकटे, शेजारीण जेवू घालते, हे सगळं त्यांना माहीत होतं. तुम्ही नाशिकजवळच्या बदलीसाठी अर्ज करून थकला होता, हेही. "ताई," ते म्हणाले, "शहराला लागून एक शाळा आहे. जागा रिकामी होतेय. तुमच्यासारख्या बाईंना या वयात इथे ठेवणं बरं दिसत नाही. तेवढा तो फळा काढून टाका. गावात उगाच चर्चा होते."

मी शेजारच्या वर्गात होते, पण माझं सगळं लक्ष तुमच्या आवाजाकडे होतं.  तुम्ही म्हणालात, "बदली नियमात बसत असेल तर करा, साहेब. फळ्यावर खोटं काही लिहिलेलं असेल तर तेही दाखवा." ते उठले. जाता जाता माझ्या वर्गात डोकावून म्हणाले, "या मॅडम अजून कायम व्हायच्यात ना?" त्यांनी हे तुम्हाला ऐकू जाईल असं विचारलं.

नंतरच्या मंगळवारी किराणा दुकानातल्या फोनवर तुमच्यासाठी निरोप आला. मिस्टर बाथरूममध्ये पडले होते, शुद्ध नव्हती. फाट्याकडे जाणारी जीप सुटत होती. तुम्ही हातातला खडू मला दिलात, "वर्ग बघा," म्हणालात आणि पळालात. रजेचा अर्ज लिहायलाही थांबला नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी परत आलात तेव्हा चेहरा ओढलेला होता. मिस्टर वाचले होते, पण उजवी बाजू आणखी गेली होती.

त्या संध्याकाळचं तुमचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. वीज गेलेली, तुम्ही स्टोला पंप मारताय, मी लसूण सोलत बसले आहे. दोघींच्या मनात एकच गोष्ट आहे, उद्या शनिवार.

मी म्हणाले, "बाई, रजेचा अर्ज आत्ता लिहून टाका. मंगळवारची तारीख घाला. माझ्याकडे देऊन गेला होता असं मी सांगेन."

"दिला होता का तुमच्याकडे?"

"नाही. पण सगळे असंच करतात."

"म्हणून तर फळा लावला ना आपण."

माझा धीर सुटला. "तुम्हाला कळत कसं नाही? ते वाटच बघताहेत. तुम्ही आपल्या हाताने त्यांना निमित्त देताय."

तुम्ही स्टो बंद केलात.  तुमचा आवाज तसा कापलेला मी आधी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. "माझ्या नवऱ्याला परकी बाई घास भरवते. मला ती बदली किती हवी आहे, तुम्हाला कळायचं नाही. पण उद्या मी माझं लपवलं तर गुरुजींचं कसं लिहू? आणि गुरुजींचं लिहिलं नाही, तर ती मुलगी सोमवारी बागेवर जाईल." मग तुम्ही पुन्हा काडी ओढलीत. आपण दोघी जेवलो. मला तुमचा राग आला होता, बाई. तुम्ही बरोबर होता म्हणून जास्तच आला होता.

शनिवारी तुम्ही लिहिलंत. मुख्याध्यापिका, तीन दिवस विनापरवानगी गैरहजर. घरी आजारपण. खाली गुरुजींचंही लिहिलंत. मोटारसायकलवरून आलेल्या एका पोरसवद्या कार्यकर्त्याने फळ्याचा फोटो काढला आणि तो गेला. पुढच्या आठवड्यात तुमच्या निलंबनाचा कागद आला. त्यात गुरुजींच्या गैरहजेरीचा शब्दही नव्हता. तुम्ही कपाटाच्या किल्ल्या, हजेरीपत्रक, शिक्के सगळं टेबलावर मांडून ठेवलंत आणि मला म्हणालात, "चौथीच्या भागाकाराकडे बघा." फळ्याबद्दल काहीच बोलला नाहीत. जीप निघाली तेव्हा तुम्ही मागे वळून पाहिलं नाहीत. मी पाहत होते.

गुरुजींकडे चार्ज आला. आणि पुन्हा शनिवार आला. शाळा सुटायच्या वेळी जीप येऊन थांबली. मेहुणे आतच बसून होते. बाजाराला निघालेली माणसं नेहमीसारखी फळ्याजवळ थांबली होती. मी खडू घेऊन बाहेर आले. 

गुरुजी म्हणाले, "मॅडम, ते आता बंद. मी सांगतोय."

मी लिहायला लागले. पहिली-दुसरीचं लिहिलं. माझं लिहिलं. मग लिहिलं, तिसरी-चौथी, गुरुजी दोन दिवस हजर. ते माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले, मला बाजूला सारून डस्टरने सगळा फळा पुसून टाकला आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "तुमचं कायम व्हायचंय अजून. विसरू नका." मी पुसलेल्या फळ्याकडे बघत राहिले. पुढे काय करायचं ते मला खरंच सुचत नव्हतं.

तेवढ्यात मागून त्या मुलीची आई बोलली. बागेवरून एका दिवसासाठी लेकीला भेटायला आली होती. "पुसलं तर पुसलं. मॅडम, तोंडानं सांगा."

मी सांगितलं. ते पुढच्या दोघातिघांनाच ऐकू गेलं. ती म्हणाली, "मोठ्यानं सांगा. मागं ऐकू येत नाय." मग मी मोठ्याने सांगितलं. गुरुजी दोन दिवस आले, हे सांगितलं. बाई तीन दिवस नव्हत्या, ते त्यांनी स्वतः लिहिलं होतं, म्हणून त्यांना काढलं, हेही सांगितलं. कुणी घोषणा दिल्या नाहीत, कुणी अंगावर गेलं नाही. माणसं नुसती जीपकडे बघायला लागली. मेहुण्यांनी काच खाली केली, गर्दीवरून एकदा नजर फिरवली. पंचायत समितीची निवडणूक तोंडावर होती. ते गुरुजींना म्हणाले, "चला. राहू द्या." जीप गेली. सोमवारी गुरुजी प्रार्थनेला उभे होते.

यात कुणी जिंकलं असं मी कधीच म्हटलं नाही. गुरुजी ते वर्ष रोज आले, आणि जूनमध्ये त्यांची बदली झाली, शहराला लागून असलेल्या त्याच शाळेत. ते ऐकून मी दोन दिवस जेवले नाही. मला कायम करायचा कागद बराच लांबवला, पण शेवटी झाला. ती मुलगी चौथी पास होऊन आश्रमशाळेत गेली. तुमची चौकशी झाली, तुम्हाला परत घेतलं आणि सुरगाण्याच्या पलीकडे, आणखी आत टाकलं.

मी तिथे एकदाच आले. मला वाटलं होतं, तुम्ही खचलेल्या असाल. पण मिस्टरांना तुम्ही बरोबरच घेऊन आला होता. शाळेच्या व्हरांड्यात भिंत धरून ते पाऊल पाऊल चालत होते आणि पहिलीची पोरं त्यांच्या मागे तशीच चालत होती. मला बघून ते तोंड वाकडं करून हसले आणि अडखळत म्हणाले, "माझीही हजेरी घेते ही." तुम्ही चहा केलात. मी सगळं सांगायला आले होते, पण तुम्ही फळ्याचं विचारलंच नाहीत. "भागाकार झाला का?" एवढंच विचारलंत. मी हो म्हणाले. तुम्ही म्हणालात, "तुमचा की त्यांचा?" आणि पहिल्यांदाच मला तुम्ही हसताना दिसलात.

आता मी स्वतः मुख्याध्यापिका आहे. नवीन लागलेल्या मुली मला त्या शनिवारचं विचारतात. कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं की आमच्या मॅडम तेव्हा कुणाला घाबरल्या नाहीत. मी म्हणते, मुलांसाठी केलं. त्यांना ते पटतं.

हा कागद घडी करून मी कपाटात ठेवणार आहे. पाठवायला पत्ता असता तरी पाठवला असता का, शंका आहे. कारण त्या मुलींना मी जे सांगते ते पूर्ण खरं नाही. त्या शनिवारी खडू हातात घेतला तेव्हा मला वाटत होतं की तुम्ही एक-दोन आठवड्यांत परत याल, फाट्यावरून चालत याल आणि शाळेत शिरायच्या आधी तो फळा बघाल. तुम्ही कधीच परत येणार नाही हे तेव्हा कळलं असतं, तर मी लिहिलं असतं का, ते मला अजून सांगता येत नाही.